सुभेदाराचा डबल बास आणि शेवटची रांग

सुभेदारानं तारेला बोट लावलं आणि सगळं मंगल कार्यालय रेडकू हरवलेल्या म्हशीगत हंबरायला लागलं.

एकच सूर. तोही त्यानं वाजवलेला नाही. बोट उचललं तरी आवाज चालूच. स्टेजवर पाहुण्यांसाठी मांडलेल्या पाण्याच्या बाटल्या थरथरत टेबलाच्या कडेला आल्या. पुण्याहून आलेल्या साउंड इंजिनिअरनं हातातल्या टॅबवर बोट फिरवलं, तेव्हा कुठं ते थांबलं.

"काका, जरा लांब राहून वाजवा ना," तो म्हणाला.

लांब राहून! माणसापेक्षा उंच वाद्य, अंगाला टेकवूनच वाजवायचं असतं. ते लांबून वाजवायचं म्हणजे शेजारच्या शिवारात उभं राहून काठीनं वाजवायचं.

मी खाली पहिल्या रांगेच्या बाजूला पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला कुणी काम दिलेलं नव्हतं. गावकीनं माजी सैनिकांचा मेळावा ठेवला होता आणि साउंड पुण्याचा आणला होता, कारण पुण्याचं म्हणजे चांगलं. मी कुंडलचा. लाउडस्पीकरच्या धंद्यात चव्वेचाळीस वर्षं काढली. शाळा सातवीपर्यंत. लग्नं, तमाशे, कीर्तनं, कुस्तीची मैदानं, उसाच्या सभा, सगळं केलं. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली, शालन. त्यानंतर धंदा बंद केला. बॉक्स गोठ्यात पडून आहेत, त्यांच्यावर कोंबड्या बसतात.

हे गाव शालनचं माहेर. फलटणच्या अलीकडं. सुभेदार तिचा गावभाऊ, म्हणून मला दाजी म्हणतो. त्याचा फोन आला, "दाजी, तुमी काय करू नका. नुसतं येऊन हुबं ऱ्हावा." म्हणून आलो. तिच्यामागं त्या गावात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, पण आलो.

आता सुभेदाराचं सांगतो, म्हणजे त्या हंबरण्यानं काय बिघडलं होतं ते कळेल.

ह्या गावात घरटी एक माणूस फौजेत. कुणाच्या पायात छर्रे आहेत, कुणाची बोटं बर्फात गेली. सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत होता, पण बँडमध्ये. त्याच्याकडं डबल बास होता. डबल बास म्हणजे मोठ्या कपाटाएवढं व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. बँडमध्ये पुढं बाकीचे सूर नाचतात, आणि हा सगळ्यात मागं उभा राहून खालचा जाड सूर धरतो. घराचा पाया कुणी बघत नाही, तसं ह्याला कुणी ऐकत नाही. पेन्शनीत आला तेव्हा पलटणीनं मोडीत काढलेला एक बास त्यानं मागून घेतला, ट्रकमधून घरी आणला आणि दुरुस्त केला. गावानं त्याला नाव ठेवलं बाजा सुभेदार. "आमी गोळ्या खाल्ल्या, ह्यानं बाजा वाजवला." चावडीवर, सोसायटीत, जावळाच्या जेवणात, सगळीकडं हेच. मीसुद्धा हसलो आहे. खोटं कशाला सांगू.

शालन हसत नव्हती. ती म्हणायची, "आवं, एकदा त्याला तुमच्या माइकवर वाजवू द्या की. गावाला कळू दे तरी." मी म्हणायचो, "त्या कपाटाला माइक कुठं लावू?" वीस वर्षं हेच उत्तर दिलं.

ह्या वर्षी सुभेदाराच्या डाव्या हाताला कंप सुटला. सातारच्या डॉक्टरनं सांगितलं, वाढत जाणार. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. मेळाव्यात पाच मिनिटं. एकट्याला. समितीनं दिली, कारण तेवढ्या वेळात पाहुण्यांचे फेटे बांधून होतात.

आणि आता ती पाच मिनिटं म्हशीच्या हंबरण्यात चालली होती.

समितीचे अध्यक्ष आबा स्टेजवर आले. सगळे त्यांना आबाच म्हणतात. फौजेत एक दिवस गेलेले नाहीत, पण मेळाव्याचे अध्यक्ष. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

"सुभेदार, ऱ्हाऊ द्या आता," आबा म्हणाले. "अकराला पाव्हणं येत्यात. न्हाई जमत तर देशभक्तीचं गाणं लावू पेनड्राइव्हवरनं. तुमी बाजूला हुबं ऱ्हावा वाद्य धरून. लोकांना वाटंल तुमीच वाजवताय."

सुभेदारानं डावा हात खिशात घातला. हात थरथरायला लागला की तो खिशात घालतो.

मी उठलो.

"आबा, किती वाजलं?"

"पावणेधा. का वं दाजी?"

"साडेधापर्यंत पेनड्राइव्ह खिशातच ठेवा."

इंजिनिअर पोराचं नाव रोहन. तिशीचा, दाढी राखलेला, गळ्यात कार्ड. कार्डावर कंपनीचं नाव मोठं आणि ह्याचं बारीक. त्याला विचारलं, आवाज घेतलाय कुठून?

"पिकअप आहे ना काका. काँटॅक्ट पिकअप."

सुभेदाराच्या नातवानं ऑनलाइन मागवलेली चकती होती, सदऱ्याच्या बटणाएवढी. ती घोडीला चिकटवलेली. घोडी म्हणजे तारा ज्या लाकडाच्या फळीवर टेकतात ती. तारेची थरथर घोडीत उतरते, चकती ती पकडते आणि वायरीतून पाठवते. चकतीत वाईट काही नाही. पण तिची वायर रोहननं सरळ मिक्सरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्राला, खुपसली होती.

ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. अर्ध्या एचपीची मोटर आहे आणि तिला तुम्ही चार इंची पाइप जोडला. पाणी येतं, पण जोर नाही. शेवटच्या सरीला थेंब पोचत नाही. ह्या चकतीची ताकद तशीच असते, मोटरीची कसली, सायकलच्या पंपाची. मिक्सर तिच्याकडं चार इंची पाइपाच्या हिशेबानं मागतो. मग चकती जाड सूर सोडून देते, तिला पेलवतच नाहीत. राहतात ते वरचे, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखे. आवाज पातळ येतोय म्हणून रोहननं टॅबवर खालचा आवाज पार वर चढवून ठेवला होता. बिचाऱ्या चकतीतून जे आलंच नाही, ते हा वाढवत होता. वाढलं काय? हंबरणं.

"मधी बॉक्स न्हाई लावला?" मी विचारलं.

"डीआय बॉक्स आहे काका, पण तो दुसऱ्या गाडीत राहिला."

दुसरी गाडी पुण्यातच होती. ह्यांची चांगली वस्तू नेहमी दुसऱ्या गाडीत असते.

मी पिशवीतून डबी काढली. हिंगाची पत्र्याची डबी. एका भजनी मंडळाच्या एकतारीसाठी मी हा जोड पूर्वी बनवला होता. आत एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी. काम एवढंच की चकतीकडं अलगद मागायचं आणि मिक्सरला जोरात द्यायचं. डबी पत्र्याची, म्हणून बाहेरची खरखर आत येत नाही. हिंग शालननं आमटीत संपवला होता. इतक्या वर्षांनी झाकण उघडलं तरी वास येतो.

रोहननं डबी नाकाशी नेली. "हे काय आहे?"

"वास घेऊ नगंस, जोड."

जोडली. टॅबवर चढवलेलं सगळं खाली आणायला लावलं. सुभेदारानं तार छेडली. आता आवाज वाद्याचा आला. जाड, लाकडी. रोहनच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं झालं काम, पाच मिनिटांत. कशाचं! जरा आवाज वाढवला की परत तेच, म्हैस.

ह्याला फीडबॅक म्हणतात. वाद्याचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तो परत वाद्यावर येऊन आपटतो, वाद्य थरथरतं, ती थरथर परत स्पीकरला. कुत्रं स्वतःचं शेपूट धरून फिरतं तसं. बाकीच्या वाद्यांना हे होतं, पण डबल बास म्हणजे मोठी पोकळ पेटीच. तिला हलवायला निमित्त पुरतं.

पण एवढ्या लवकर का हलतेय? मी स्टेजवर चढलो आणि बूट आपटला. धम्म. ढोलागत वाजलं. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर हिरवं जाजम. खाली पोकळ. बासाला खाली एक लोखंडी अणी असते, ती टेकवून वाद्य उभं करतात. ती अणी ह्या ढोलावर टेकवलेली. मी गुडघे मोडत खाली उतरलो आणि स्टेजच्या बाजूची झालर वर करून आत बघितलं.

आत चार सब. सब म्हणजे डीजेवाले छातीत धडधड करायला लावतात ते मोठे बॉक्स. स्टेजच्या पोटात, सुभेदाराच्या पायाखाली, ओळीनं मांडलेले.

"ह्ये हितं कुणी ठेवलं?"

रोहन आबांकडं बघायला लागला. आबा दुसरीकडं.

"मी स्टेजच्या दोन्ही बाजूंना, पुढं लावले होते काका," रोहन म्हणाला. "काल यांनी आत ढकलायला लावले."

"मग काय करायचं?" आबा म्हणाले. "फ्लेक्स झाकत व्हता."

फ्लेक्स स्टेजच्या पुढच्या अंगाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर एकोणीस फोटो मी मोजले. आमदार, माजी आमदार, होणारे आमदार, कारखान्याचे, बाजार समितीचे, आणि मधोमध आबा हात जोडून. सैनिकांचा मेळावा, पण सैनिक एकही नाही. कोपऱ्यात एक रणगाडा होता, तो बाजार समितीवाल्याच्या कानात घुसला होता.

"बॉक्स भाईर काढा," मी म्हणालो.

"कुठं ठेवणार? हिकडं ठेवलं तर भाऊसायेब झाकत्यात. तिकडं ठेवलं तर तात्या. दाजी, तुमी उद्या कुंडलला जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही जिल्ह्यांत स्पीकर हलवता येतो, फोटो हलवता येत नाही. धंद्यात निम्मी अक्कल आवाजाला लागते आणि निम्मी फोटोला. त्या निम्म्या अकलेत मी कायम कच्चा.

बॉक्स हलत नाहीत, तर वाद्य हलवायचं. मी हॉलमध्ये फिरलो. डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूला, स्टेजपासून तीस-पस्तीस फुटांवर एक खांब होता. खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली जमीन. बूट आपटला तर तळपायाला लागलं, आवाज नाही. जागा चांगली.

"सुभेदार, हितं हुबं ऱ्हावा."

आबांनी कपाळाला हात लावला. "आवं काय बोलताय! पाव्हणं स्टेजवर आणि सुभेदार खाली, लोकांत? सत्कारमूर्ती हाय त्यो. मान हाय का न्हाई?"

कधी नव्हे ते आबा बरोबर बोलले. मला ते लगेच कळलं, कारण सुभेदाराचा चेहरा उतरला. अठ्ठावीस वर्षं तो बँडच्या मागच्या रांगेत उभा राहिला. परेडला साहेब पुढं, झेंडा पुढं, बिगूलवाला पुढं, हा मागं. ह्या एका दिवशी त्याला स्टेजच्या मधोमध जागा मिळाली होती. घरून निघताना त्यानं मेडल लावली होती, बूट पॉलिश केले होते. आणि मी, त्याचा दाजी, त्याला म्हणत होतो खाली ये, खांबाआड उभा राहा.

"सुभेदार," मी म्हणालो, "वर दिसशीला, पण वाजायचं न्हाई. खाली वाजंल, पण निम्म्या लोकांना दिसायचं न्हाई. मला तिसरं काय येत न्हाई. तुमी सांगा."

त्यानं खांबाकडं बघितलं. मग त्यानं वाद्य खांद्याला टेकवलं, एका हातानं उचललं आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागला. आबा मदतीला गेले तर म्हणाला, "सोडा. दिसायला मी काय फ्लेक्स हाय व्हय?"

खांबाजवळ आणलं. फरशीवर अणी सरकायला लागली, म्हणून दारातलं सुस्वागतमचं पायपुसणं आणून खाली घातलं. त्याला खालून रबर असतं. आवाज वाढवला. म्हैस लांब गेली, पण गेली नाही. बासाच्या छातीवर दोन लांबट भोकं असतात, त्यातून हवा आतबाहेर करते. ती बुजवायला पाहिजेत, म्हणजे पेटी स्पीकरच्या नादाला लागत नाही. चकती थरथर घोडीवरूनच घेते, तिला भोकांची गरज नाही. फोम शोधला. दुसऱ्या गाडीत.

सत्काराच्या टेबलावर टॉवेल, टोपी, नारळ अशी पन्नास ताटं मांडून ठेवली होती. दोन टॉवेल उचलले, गुंडाळी केली आणि दोन्ही भोकांत बसवली. आबा "आवं, आवं" करत राहिले. सत्काराच्या टॉवेलाचा कुणाला उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघितला. तिसरा टॉवेल स्वतःच्या खांद्यावर टाकला, घाम पुसायला.

आता आवाज वाढवत नेला. वाढला. आणखी वाढला. म्हैस नाही. सुभेदारानं एक सूर धरला आणि मिक्सरजवळ उभ्या असलेल्या माझ्या बरगडीत तो शिरला. स्वच्छ.

"आलं," मी म्हणालो.

"काका, एक करू?" रोहन म्हणाला. "सबमध्ये याचा आवाज नको. आणि साठ-सत्तरच्या खालचं कापतो. लो कट."

साठ-सत्तर म्हणजे सेकंदाला तेवढी थरथर. त्याच्या खालचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. मला हसायला आलं. जाड आवाजाचं वाद्य, आणि हा त्याचा जाडपणा कापणार. बिर्याणी केली आणि म्हणतो मटण काढतो.

"चव्वेचाळीस वर्षं झाली मला," मी म्हणालो. "कापायचं काय न्हाई."

"मागे काय ऐकू येतंय ते कुणीतरी बघायला पाहिजे काका. माझा माणूस बाहेर केबल बघतोय."

मागे.

हा शब्द त्या पोरानं सहज टाकला. त्याला काय माहीत. माझ्या धंद्यात मागं बघायला माणूस नव्हतं असं कधी झालंच नाही. शालन प्रत्येक कार्यक्रमाला यायची आणि शेवटच्या रांगेत बायकांत बसायची. वाती वळत बसायची, कार्यक्रमाकडं लक्ष नाही असं दाखवायची. मी मिक्सरवरून बघायचो. पदर डोक्यावर असला म्हणजे बरोबर आहे. पदर कमरेला खोचला म्हणजे खालचा आवाज जास्त झाला, गढूळ येतंय. पंजा कानाला लावला म्हणजे शब्द कळत नाहीत. फोन नव्हते तेव्हापासून हे चाललेलं. लोक म्हणायचे, कुंडलच्या साउंडवाल्याचा कान लय तयार. कान माझा नव्हताच. मी फक्त बटणं फिरवायचो.

मी मागं गेलो. रांगा भरत आल्या होत्या. शेवटच्या रांगेत म्हाताऱ्या बायका, आणि कडेला सुभेदाराची बायको, सुमनवैनी. नवऱ्याचा सत्कार, आणि ही दाराजवळ बसलेली.

"वैनी, तुमची खुर्ची फुडं हाय की."

"नगं दाजी. हसत्यात लोकं. दार जवळ असल्यालं बरं." मग शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. "बसा. शालन यायची तवा हितंच बसायची."

मी बसलो. सुभेदार तिकडं वाजवत होता. आणि मला ऐकू आला तो चिखल. मागच्या भिंतीला आपटून जाड आवाज कोपऱ्यात साठला होता, पावसाचं पाणी खड्ड्यात साठतं तसा. सूर कुठला सुरू झाला आणि कुठला संपला, काही कळत नव्हतं. मिक्सरपाशी स्वच्छ, इथं डबकं. मागच्या ह्या शंभर लोकांनी घरी जाऊन सांगितलं असतं, बाजा सुभेदारानं घूंघूं केलं.

मी तसाच पुढं गेलो. गुडघा ओरडत होता.

"काप," मी रोहनला म्हणालो.

"मी तेच म्हणत—"

"तू बरुबर हुतास. बोलू नगं, काप. सबमधनं पण काढ."

त्याला पदराचा हिशेब सांगितला. पदराऐवजी टॉवेल. डोक्यावर म्हणजे बरोबर, कमरेला म्हणजे गढूळ, कानाला पंजा म्हणजे सूर उलगडत नाही. त्यानं मान डोलावली. हसला नाही, हे त्याचं चांगलं.

परत मागं. टॉवेल कमरेला खोचला. त्यानं आणखी कापलं. चिखल खाली बसला. मग कानाला पंजा लावला. त्यानं मधला आवाज थोडा वाढवला, तसं बोट तारेवर घासल्याचं ऐकू यायला लागलं. ते आलं की कानाला सूर कुठं सुरू होतो ते कळतं. वर्षानुवर्षं मी ते घासणं खरखर म्हणून काढून टाकत आलो होतो. मी टॉवेल डोक्यावर घेतला.

पाहुणे सव्वाअकराला आले. फेटे बांधायला सुरुवात झाली आणि आबांनी माइकवर पुकारलं, "आता आपले सुभेदार वाद्य वाजवतील." कोणतं, काय, कुणासाठी, काही नाही. लोक बोलतच होते.

सुभेदारानं डावा हात खिशातून काढला आणि तारेवर ठेवला. दाबला की थरथरत नाही, हे तेव्हाच दिसलं. संध्याकाळी पलटणीत झेंडा उतरवताना बँड एक संथ धून वाजवतो. त्या धुनेचा वरचा सूर ज्याला त्याला माहीत असतो. सुभेदारानं तो वाजवला नाही. त्यानं स्वतःचाच भाग वाजवला, मागच्या रांगेतला, अठ्ठावीस वर्षं वाजवलेला. नुसता पाया, वर घर नाही.

पहिलं मिनिटभर कुणाला काही कळलं नाही. पुढचे फेट्यांकडं बघत होते. मग मधल्या रांगेतला एक म्हातारा बोलायचा थांबला. पायात छर्रे असलेला तोच, चावडीवर सगळ्यात मोठ्यानं हसणारा. त्यानं मान वाकडी करून ऐकलं. मग पुढच्या खुर्चीला धरून उठला आणि सावधानमध्ये उभा राहिला. त्याच्या मागं दुसरा. मग चार, मग दहा. वरचा सूर कुणी वाजवत नव्हतं, तरी ह्या सगळ्यांच्या डोक्यात तो चालू होता. खालचा भाग ऐकून त्यांना वरचा आठवला. हॉलमधले सगळे माजी सैनिक उभे राहिले. पाहुणे अर्ध्या फेट्यानं उभे राहिले. आबाही उठले, कशासाठी ते न कळता, आणि आपण बरोबर दिशेला तोंड केलंय का ते बघायला लागले.

सुमनवैनीनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवले होते.

"दाजी, खुर्चीतनं येतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढी वर्सं ह्ये असलं वाजवत व्हते व्हय? घरी मी दार लावून घेत हुते, भांडी वाजत्यात म्हणून."

माझ्या डोक्यावर टॉवेल तसाच होता.

कार्यक्रम संपल्यावर आबांनी आभार मानले. पाहुण्यांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, पुण्याच्या अद्ययावत साउंड सिस्टीमचे मानले. फ्लेक्सवाल्याचेही मानले. सुभेदाराचे राहिले. त्याला काही फरक पडला नाही, कारण तो छर्रेवाल्या म्हाताऱ्याबरोबर खांबाजवळ उभा होता आणि म्हातारा त्याला वाद्याला हात लावू का विचारत होता.

रोहननं हिंगाच्या डबीचा फोटो काढला. आतल्या जोडणीचा काढ म्हणालो, डबी कुठल्याही वाण्याकडं मिळते.

तर कुणाला डबल बासाचा आवाज चांगला पाहिजे असेल तर सांगून ठेवतो. चकती आणि मिक्सर सरळ जोडू नका, मधे जोड ठेवा. वाद्य पोकळ स्टेजवर उभं करू नका, मान गेला तरी चालेल. सब त्याच्या पायाखाली नकोत. भोकं बुजवा, टॉवेल कुठलाही चालतो. खालचं थोडं कापा. पुण्याचा पोरगा सांगतोय म्हणून नाही म्हणू नका, माझी दहा मिनिटं त्यातच गेली.

आणि शेवटच्या रांगेत आपलं माणूस बसवा. नसेल तर स्वतः उठून जा. गुडघा दुखतो, पण जा. सुभेदाराला मी वीस वर्षं आधी माइक लावला असता, तर वैनींनी पिशवी उचलून दिली त्या खुर्चीवर बसून शालननं हे ऐकलं असतं.